कन्येच्या रिकाम्या जागा

३ जून

आलो एकदाचे. सामान वर आणणाऱ्यांनी कपाटाचा एक पाय मोडला, तेवढं सोडलं तर देवाच्या कृपेने सगळं धड पोचलं. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी, नळाला दिवसभर पाणी. आणखी काय हवं? तळमजल्यावर छापखाना आहे. त्याचं यंत्र सुरू झालं की फळीवरचे पेले किणकिणतात. पण बारा वर्षं ह्यांचं घोरणं ऐकलेल्या बाईला त्याचं काय!

भिंगरीने पहिल्याच दिवशी जिना पाठ केला. दोन-दोन पायऱ्या टाकत चढते आणि मोठ्याने मोजते. सात हा आकडा तिला आवडत नाही, म्हणून सहानंतर थेट आठ. दिवसभरात नऊ वेळा वर-खाली झालं. हे म्हणाले, पोरगी अशीच धावत राहिली तर घरमालक आपल्याला खालच्या पायरीवरच बिऱ्हाड थाटायला सांगेल. दहा वर्षांची झाली तरी एका जागी ठरेल तर शपथ. मला अजून आईबाईच म्हणते. ती बोलायला लागली तेव्हा घरात मला सगळे बाई म्हणत आणि तिला मात्र आई म्हणायला शिकवत. तिने दोन्ही जोडून टाकलं आणि वाद मिटवला.

जुन्या पाठकोऱ्या कागदांची ही वही शिवली. रोज दुपारी चार ओळी लिहायच्या, असं ठरवलं आहे. ह्यांची बदली आता पाच वर्षं तरी होणार नाही म्हणतात. देवापुढे हात जोडले आणि पहिल्यांदाच काही मागायचं सुचलं नाही.

११ जून

मला काम मिळालं. मला!

झालं असं की, छापखान्याच्या दारात एका समारंभाच्या पत्रिकांचा गठ्ठा वाळत होता. येता-जाता नजर गेली. तारीख आणि वार जुळत नव्हते. आत जाऊन मालकांना सांगितलं. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं, पत्रिका पाहिली, कपाळावर हात मारला आणि मला बसायला खुर्ची दिली. मग त्यांचं रडगाणं ऐकलं. स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढणारी माणसं त्यांच्याकडे रांगेने येतात. कुणी आठवणी, कुणी कविता, कुणी उपदेश. हे बिचारे दिलं ते छापतात. मग पुस्तक हातात आलं की लेखक ओरडतो, बाविसाव्या पानावर मेलेला मामा चाळिसाव्या पानावर लग्नाला कसा आला? मालक म्हणाले, वहिनी, मजकूर आधी कुणीतरी डोळ्यांखालून घालणारं पाहिजे हो. मी म्हटलं, माझं शिक्षण मॅट्रिक. ते म्हणाले, मामा मेलाय की जिवंत आहे एवढं कळायला मॅट्रिक पुष्कळ झालं.

ह्यांनी आधी हसून घेतलं आणि मग टेबलाचा डुगडुगणारा पाय स्वतःच ठोकून दिला.

२३ जून

काम सोपं नाही. मजकूर शुद्ध करणं एक वेळ परवडलं, लेखक नको.

पहिले एक डॉक्टर. गुडघेदुखीवर दोनशे पानं, तीही पद्यात. त्यांना म्हटलं, व्यायामाची रीत तरी साध्या भाषेत सांगा, माणूस पाय कुठल्या बाजूला वळवणार? त्यांना राग आला. दुसऱ्या एक बाई. त्यांच्या प्रवासवर्णनात प्रवास दहा पानांचा आणि घरातून निघण्याची तयारी सत्तर पानांची. पन्नास पानं काढा सुचवलं तर साठ पानं वाढवून आणली. आणि प्रत्येकाचं एकच पालुपद, ताई, फक्त एक छोटीशी दुरुस्ती. ती छोटीशी दुरुस्ती म्हणजे चार नवी प्रकरणं.

घरातला हिशेब मांडायची सवय कामी आली. प्रत्येक पुस्तकाला एक पान, त्यावर तीन रकाने: शंका विचारल्या, उत्तरं आली, बाकी. मधला रकाना बहुतेक कोराच असतो.

भिंगरी शाळेतून आली की टेबलाखाली शिरून बसते. खिडकीच्या काचेवर तोंडाची वाफ सोडून त्यात चेहरे काढते. डावखुरी आहे, त्यामुळे तिचे सगळे चेहरे उजवीकडे पाहतात. मी हाकलते. काम कसं करायचं माणसाने?

४ जुलै

चार दिवसांपूर्वी नवीन पुस्तक आलं. जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ. वय सत्तरीपुढचं, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली, चप्पल दारात अगदी सरळ रेषेत काढून ठेवणारे. मी त्यांना मोजणीकाका म्हणते. अडतीस वर्षांपूर्वी तापाने गेलेल्या त्यांच्या मुलीवर पुस्तक आहे. तीही दहाच वर्षांची होती. हे कळल्यावर मनाशी ठरवलं, ह्यांच्यावर चिडायचं नाही.

ते ठरवणं तीन दिवस टिकलं.

एकशे चाळीस पानं. त्यांत जमीन मोजायची साखळी किती हातांची, कुठल्या टेकडीवरून कुठला खांब दिसतो, पावसात नकाशा कसा गुंडाळायचा, सगळं बोटाबोटाने लिहिलेलं. आणि मुलीचा विषय आला की टिंबं. म्हणजे खरोखरची टिंबं! "कन्या जिना चढताना .............. असे." "कन्या हसली की .............. ." "तिच्या चेहऱ्यावर .............. ही खूण होती." सगळीकडे नुसतं कन्या. अशा एकतीस रिकाम्या जागा मोजल्या. एकतीस शंका वहीत मांडून पाठवल्या.

१२ जुलै

मोजणीकाका आले. एकतीसपैकी उत्तरं किती? शून्य. उलट नवीन नऊ पानं आणली. त्यांत आणखी अकरा रिकाम्या जागा. बाकी बेचाळीस.

मी शांतपणे विचारलं, काका, टिंबांच्या जागी काय घालायचं? त्यांनी नवीन पानं टेबलावर एका रेषेत लावली. मग म्हणाले की, तीच तर अडचण आहे. तिचा ताप किती होता ते आठवतं, त्या दिवशी कुठल्या गटाची मोजणी अर्धी राहिली ते आठवतं, पण तिची म्हणून एकही गोष्ट आठवत नाही. घराबाहेर फिरण्यात तिची दहा वर्षं निघून गेली. पुस्तक लिहायला घेतलं तर आठवेल असं वाटलं होतं.

वाईट वाटलं. ते गेल्यावर चहाचा कप विसळताना डोळेही भरून आले. पण वाईट वाटून टिंबं भरत नाहीत.

१९ जुलै

आज डोक्याला ताप झाला. मालक सकाळीच वर आले. म्हणाले, वहिनी, कागद येऊन पडलाय, यंत्र रिकामं बसलंय, काकांचं पुस्तक मोकळं करा. त्यांच्यामागून दहा मिनिटांत काका, हातात आणखी पानं. मी हात टेकले. म्हटलं, अशाने हे पुस्तक या जन्मी होणार नाही.

तर काका म्हणाले, तुम्हाला मुलगी आहे ना? मग तुम्हीच घाला काहीतरी. लहान मुली काय, सगळ्या सारख्याच.

सारख्या कशा? मला इतका राग आला! माझ्या पोरीसारखी दुसरी आणून दाखवा म्हणावं. ते गेले तरी मी धुसफुसत होते. तेवढ्यात ती आलीच, दाणदाण मोजत, सहा, आठ. आणि मनात आलं, घरात आयतं पडलंय ते वाया का घालवा? पेन्सिल घेतली आणि पहिली जागा भरली: "कन्या जिना चढताना दोन-दोन पायऱ्या टाकी आणि मोठ्याने मोजी, सात हा आकडा नावडता असल्याने सहानंतर एकदम आठ म्हणत असे."

संध्याकाळी पान काकांना दाखवलं. त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग खिशातून रुमाल काढला. म्हणाले, ताई, अगदी. अगदी अशीच चढायची हो. तुम्हाला कसं कळलं?

उत्तरं आली, एक. मधल्या रकान्यात पहिल्यांदा आकडा पडला. लेखकाचं समाधान झालं याचा एवढा आनंद होतो, हे ठाऊक नव्हतं.

२४ जुलै

झपाट्याने उरकतंय. हनुवटीवरची खूण घातली, लोखंडी खाटेची कड लागली होती ती, वाकड्या बोरासारखी. डावखुरेपणा घातला. हसताना नाक मुठीत धरते आणि हसून झाल्यावर एक शिंक येते, तेही घातलं. झोपेत पाय उशीवर आणि डोकं पायथ्याशी. वीस जागा भरल्या. प्रत्येक पानाला काकांचं एकच, अगदी, अगदी. आता त्यांचा चेहराही उजळलाय. वरची गुंडी सुटी होती आज.

मालकांना प्रकरणाला नाव हवं होतं. कन्या, कन्या वाचून माझंच डोकं उठलं होतं. म्हणून घरातलं लाडाचं नाव देऊन टाकलं. प्रकरण तिसरं, भिंगरी. काकांनी ते नाव चार वेळा हळू आवाजात म्हणून पाहिलं.

आज मुलगी जिन्याने हळू आली. पाय वाजले नाहीत. दारात उभी दिसली तेव्हा दचकलेच. तब्येत बरी आहे ना म्हणून कपाळाला हात लावून पाहिला. ताप नाही. मोठी होतेय, दुसरं काय.

१ ऑगस्ट

वैताग, वैताग, वैताग. जागा भरल्या तर आता काका स्वतःच नवीन पानं लिहून आणतात, आणि एकाही पानात टिंब नाही! मी न सांगितलेलं लिहितात. कन्या काचेवर वाफ सोडते आणि त्यात चेहरे काढते, सगळे उजवीकडे पाहणारे. विचारलं, हे कुठून आणलं? म्हणाले, दिसलं. आणि सगळं वर्तमानकाळात. मी "चढत असे" करते, ते खोडून "चढते" करतात. तीन वेळा झालं. चौथ्यांदा मी पेन्सिल आपटली. ते नुसते हसले. घरी लवकर जायचं आहे म्हणाले, वाट पाहत असेल. कोण, विचारायचं राहून गेलं.

शाळेतून चिठ्ठी आली. अक्षर सुधारलं म्हणून कौतुक. मुलगी उजव्या हाताने लिहायला लागली आहे. मी कधी सांगितलं नव्हतं. हनुवटीवरची खूणही पुसट झाली. उजेडात धरून पाहिलं तर नाहीच. हे म्हणाले की वाढत्या वयात जातात खुणा. ह्यांना तर आनंदच आहे. घर कसं शांत झालं, शहाणी झाली पोर. मलाही आधी तसंच वाटलं. टेबलाखाली कोणी नाही, काम भराभर होतं.

पण काल मी मुद्दाम वेडंवाकडं तोंड करून दाखवलं. तिने पाहिलं. हसली नाही. हसायचं कसं ते शोधत असल्यासारखी ओठ हलवत राहिली.

५ ऑगस्ट

पुस्तकाचं पहिलं प्रूफ आलं. तपासताना कंटाळा आला, म्हणून दुपारी ही वही मागे चाळली.

भिंगरी कोण?

जूनच्या पानांवर आहे. भिंगरीने जिना पाठ केला. भिंगरी टेबलाखाली शिरते. अक्षर माझं. मी बराच वेळ आठवत बसले, कोण पाहुणी होती जूनमध्ये आपल्याकडे? मग दहा वर्षांची असं वाचलं. मग आईबाई. तेव्हा उठले.

मुलीला हाक मारून पाहिली, भिंगरी. तिने वळून पाहिलं नाही. मलाही ते नाव तोंडात परकं लागलं, दुसऱ्याच्या चपलेत पाय घातल्यासारखं.

शंकांची वही काढली. भरलेल्या जागा एकीकडे, मुलगी एकीकडे. एकेक टीप ताडून पाहिली. जिना, दिला. गेला. खूण, दिली. गेली. हात. हसणं. शिंक. झोपणं. नाव. सगळा ताळा जुळतो. इतका बरोबर ताळा माझ्या हिशेबात आजवर कधी जुळला नव्हता.

देवा, मी केलं काय?

६ ऑगस्ट

ह्यांना सांगितलं. दोनदा सांगितलं. म्हणाले, तुला विश्रांती हवी आहे, दुसऱ्यांची दुःखं वाचून वाचून असं होतं. मी म्हटलं, आपल्या मुलीला आणा समोर आणि तिची एक तरी सवय सांगा. एक. त्यांनी तिला आणून समोर उभी केली. मग म्हणाले, चांगली आहे की. शांत आहे.

शांत म्हणजे खुर्चीवर ठेवली तर खुर्चीवर. जेवायला घातलं तर जेवते. माझ्याकडे बघून आईबाई म्हणते, तेवढं एकच तिचं राहिलंय. ती हाक मी काकांना दिलेली नाही. प्रूफात एकच जागा कोरी आहे: "कन्या आईला .............. म्हणत असे."

ती मी भरणार नाही. मेले तरी नाही.

७ ऑगस्ट

काकांच्या घरी गेले. चार रस्ते सोडून, दुमजली, दाराला हिरवा रंग. भल्या सकाळी. दाराशी त्यांच्या चपला तिरक्या पडलेल्या. त्यांच्याशेजारी लहान बूट, ओले.

काका म्हणाले, या ताई, बरं झालं आलात. इतक्या मोकळेपणाने! भिंतीवर नकाशे, टेबलावर दोन पेले. मी काही बोलायच्या आत माडीवरून पाय वाजले. उतरताना मोजत नाही, माझ्या लक्षात आहे, फक्त चढताना. ती खाली आली. तीच. हनुवटीवर खूण. डाव्या हातात पेन्सिल. धावत आली आणि माझ्यापासून दोन हातांवर थबकली, परक्या माणसापुढे मूल थबकतं तशी. मग काकांकडे वळून म्हणाली,

"बाबा, कोणी बाई आल्यात."



काका तिला आत पाठवून परत आले. मी पाया पडले त्यांच्या. म्हटलं, परत द्या. ते रडले. वाईट माणूस नाही तो, हेच तर वाईट आहे. म्हणाले, पहिल्या दिवशी जिना वाजला तेव्हा वाटलं मला भास होतो आहे. नंतर कळलं, पण तोवर ती हसली होती. मग म्हणाले,

"मी मागितली नव्हती, ताई. तुम्ही दिलीत."

८ ऑगस्ट

प्रूफावर काट मारली. हसण्याचं वाक्य. नाक मुठीत धरण्यापासून शिंकेपर्यंत, सगळं. तिकडून काढलं की इकडे येईल, साधा हिशेब. घरी मुलीसमोर बसले. तोंडं केली, नाचले, गुदगुल्या केल्या. काही नाही.

दुपारी काकांकडे धावले. तीही हसत नव्हती. खिडकीशी बसली होती. काका घाबरले होते. हसू गेलं तिचं, म्हणाले, काय केलंत?

कापलेलं कुठेच जात नाही. इकडे नाही, तिकडे नाही. मी तिथेच प्रूफ उघडून वाक्य पुन्हा लिहिलं. आतल्या खोलीत शिंक आली.

म्हणजे काढायचं नाही. काढलं तर ती कुठेच उरणार नाही. आणि पुस्तक छापलंच नाही तर? काका म्हणाले, तसं मनात आणलं होतं त्यांनी, एकदा, प्रूफ निघण्याआधी, माझ्यासाठी. हस्तलिखित दोन दिवस कपाटात कोंडून ठेवलं. दोन्ही दिवस ती कपाटाशी उभी होती, भूक नाही, तहान नाही, दिसायला फिकी. उघडलं तेव्हा बरी झाली.

९ ऑगस्ट

मालक आले. प्रूफ उद्या चारला पाहिजेच म्हणाले. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फॉर्म्यात छापतात. शेवटच्या फॉर्म्यात चार पानं कोरी राहतात. वहिनी, काकांकडून काही असेल तर घाला, नाहीतर कोरा कागद वाया जाणार.

टेबलाजवळच्या खुर्चीकडे त्यांनी पाहिलं. मुलगी बसली होती. त्यांनी तिच्यावर प्रुफांचा गठ्ठा ठेवला. म्हणजे खुर्चीवर. त्यांना ती दिसलीच नाही. गठ्ठा मी उचलला तेव्हा ती म्हणाली, आईबाई. अगदी बारीक, भिंतीपलीकडून यावं तशी.

१० ऑगस्ट, सकाळ

ह्यांनी आज दोनच ताटं घेतली. मी तिसरं ठेवलं. ह्यांनी विचारलं, कोणी येणार आहे का?

मी नाही म्हटलं.

सबंध पुस्तक पुन्हा वाचलं. आई कुठेच नाही. एकशे बहात्तर पानांत एकदाही नाही. इतके दिवस टिंबं मोजत बसले, आणि ही सगळ्यांत मोठी रिकामी जागा दिसली नाही मला. काकांकडे जाऊन विचारलं. म्हणाले, मुलगी वर्षाची असताना गेली, तिचा तर चेहराही आठवत नाही, काय लिहू?

मग तिथे, माडीवर, ती कुणाकडून वेणी घालून घेते? काका म्हणाले, नाही घालत. केस तसेच. कधी कधी संध्याकाळी दारात उभी राहते. कुणाची वाट पाहतेस विचारलं तर सांगता येत नाही तिला.

चार पानं कोरी आहेत.

ह्यांनाही नेता आलं तर. पण बापाची जागा भरलेली आहे.

१० ऑगस्ट, दुपार

सुरुवात केली. देवाचं नाव घेऊन.

"कन्या आईला आईबाई म्हणते." लिहिलं. खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीवर उन्हाचा पट्टा. बस.

आता मागे फिरणं नाही.

"तिची आई उंचीने बेताची, डावा गुडघा दुखतो, उठताना टेबलाला धरते." गुडघा दुखायचा थांबला. किती वर्षांनी.

"वेणी घालताना केस ओढते आणि वर मुलीलाच रागावते." बोटांना पेड कसे घालायचे ते आठवेना. बरोबर चाललंय.

"काही वाया जाऊ देत नाही. पेन्सिल नखाएवढी होईपर्यंत वापरते." माझ्या हातातली नवी पेन्सिल मी आत्ता विनाकारण मोडली—

काका, तुमचं सगळं वर्तमानकाळातच बरं होतं. उगाच भांडले.

सव्वातीन

प्रार्थना दिली. तोंडपाठ होती, लहानपणापासून— आता पहिला शब्दही येत नाही. देवाला कळेल. तो दोन्हीकडे असणारच.

हे लवकर आले. दारात थांबले. म्हणाले, माफ करा, मजला चुकला वाटतं. मग नाव वाचलं दारावरचं, आत आले, माझ्या बाजूने गेले, स्वतःच चहा ठेवला. साखर किती घालतात ते मला— ते माहीत होतं मला. त्यांचं तेवढं आठवत होतं अजून. तेही—

त्यांच्या शर्टाची बाही उसवली आहे. कोण—

साडेतीन

तीन पानं भरली. खालून मालकांचं यंत्र. ते चारला येतील, गठ्ठा उचलतील. कुणी तपासलं, कुणाला आठवणार नाही.

हिशेब करणं दिलं. आता सात आणि पाच किती, बोटांवर— राहू दे.

चेहरा दिला. आरसा बघितला नाही.

भीती वाटते. तीच वाटते फक्त. तिथे गेले आणि ती पुन्हा कोणी बाई म्हणाली तर— नाही. लिहिलंय. छापलं जाईल. आईबाई.

पावणेचार

एकच राहिलं. ते राहिलं म्हणून मी अजून या टेबलाशी आहे. प्रूफ डावीकडे, ही वही उजवीकडे. तिकडे शेवटची ओळ लिहून झाली: तिची आई रोज दुपारी वहीत चार ओळी लिहिते

पूर्णविराम तेवढा द्यायचा होता. तो आत्ता दिला आणि